दंड निराळा, रक्षण निराळें

येरवड्याच्या तुरुंगांत २१ नोव्हेंबर २०१२ रोजीं अजमल कसाब यास फांशी देण्यांत आली. हा न्याय विमानांनीं मिळवून दिला नाहीं. २००८ सालीं हातीं केवळ लाठी असतां त्याची बंदूक धरून ठेवून प्राण देणारे तुकाराम ओंबळे, साक्षीपुरावा व न्यायासन यांनीं तो मिळवून दिला.

परभूमीवर प्रहार केला कीं देश निर्भय झाला, असें म्हणणारांनीं तारखा ताडून पाहाव्या. सप्टेंबर २०१६ मध्यें आमच्या सैन्यानें नियंत्रणरेषा ओलांडली; फेब्रुवारी २०१९ मध्यें पुलवाम्यास ४० जवान प्राणांस मुकले. त्याच महिन्यांत बालाकोटवर बाँब टाकले. एप्रिल २०२५ मध्यें पहलगामास २६ जण मारले गेले, त्यांत पुण्याचे दोघे होते. मे महिन्यांत पुनः प्रहार झाला.

शत्रूस दंड करण्याचा राष्ट्राचा हक्क आम्ही नाकारीत नाहीं. परंतु दंड निराळा, रक्षण निराळें. पहिलें काम सैन्याचें. दुसरें गल्लींतील पोलिसाचें, गुप्तवार्तेचें व न्यायालयाचें. विजयोत्सव करणाऱ्या सरकारनें चौकीवरील शिपायास शस्त्र व शिक्षण किती दिलें, हें आधीं सांगावें.