सप्तांबर-अष्टांबरवाल्यांनो, जरा युक्रेनचं कॅलेंडर बघा!

गुढीपाडवा आला की तो फॉरवर्ड हमखास फिरतो. सप्टेंबर म्हणजे सप्तांबर, ऑक्टोबर म्हणजे अष्टांबर. युरोपवाल्यांना म्हणे महिन्यांची नावंसुद्धा आपल्याकडून चोरावी लागली! आणि शिकलीसवरली माणसं त्याखाली हात जोडून 'अभिमान आहे' लिहितात.

कसला अभिमान? लॅटिनमध्ये 'सेप्टेम' म्हणजे सात. जुनं रोमन वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं, म्हणून सातवा महिना सप्टेंबर. विषय संपला. त्यात 'अंबर' कुठेच नाही.

आणि युरोपात देशी नावं नव्हती असं कोण म्हणतं? युक्रेनमध्ये आजही फेब्रुवारी म्हणजे 'ल्युती', क्रूर. थंडीच तशी पडते. एप्रिल 'क्वितेन', फुलांचा. ऑगस्ट 'सेर्पेन', कारण 'सेर्प' म्हणजे विळा, कापणीचे दिवस. ऑक्टोबर 'झोव्तेन', पिवळा. नोव्हेंबर 'लिस्तोपाद', चक्क पानगळ. डिसेंबर 'ह्रुदेन', गोठलेल्या ढेकळांचा. ही नावं कुणाच्या पोथीतून आलेली नाहीत, शेतातून आणि रानातून आलीत. म्हणूनच विळ्याचा महिना युक्रेन-पोलंडात ऑगस्ट, तर दक्षिणेला क्रोएशियात जुलै. जिथे पीक आधी पिकतं, तिथे विळाही आधी निघतो.

शुद्धीवाल्यांसाठी आणखी एक. पोलिश लोकांनी दहा नावं आपली ठेवली, मार्च आणि मे मात्र लॅटिनमधून घेतले. रशियन, सर्ब आणि बल्गेरियन लोक तर बाराही लॅटिन वळणाची वापरतात. कुणाची भाषा बुडाली?

खरं नातं हवंय ना? तेही आहे. युक्रेनचा मार्च 'बेरेझेन', बर्च झाडावरून. त्या झाडाचं 'बेरेझा' हे नाव आणि आपल्या भूर्जपत्रातला 'भूर्ज' एकाच प्राचीन मुळातून आलेत. 'सप्त' आणि 'सेप्टेम' यांचंही तसंच. याला भाऊबंदकी म्हणतात, चोरी नाही!

आपली नावंही काही कमी नाहीत हो. पौर्णिमेचा चंद्र चित्रा नक्षत्राजवळ, म्हणून चैत्र. कृत्तिकेजवळ, म्हणून कार्तिक. हे घरात किती पोरांना सांगितलंत? तेव्हा पुढचा फॉरवर्ड ढकलण्याआधी चैत्र ते फाल्गुन बाराही महिने ओळीने म्हणून दाखवा. पोरांचं सोडा, तुम्ही स्वतः म्हणा. अडखळलात, तर आधी ते पाठ करा. अभिमानाचं नंतर बघू.