गव्हाविना दस्तरखान

रमजानमध्ये मगरिबच्या अजानआधीची दहा मिनिटे कोणत्याही मोहल्ल्यात सारखीच असतात. दस्तरखान अंथरलेला असतो, खजूर मांडलेले असतात, कापलेल्या फळांवर चाटमसाला पडलेला असतो आणि मधोमध गरम समोशांचे ताट येते. नीट पाहिले तर या पसाऱ्यातला बराच भाग मैद्याचा असतो. समोसा मैद्याचा, रोल मैद्याचा, पाव आणि नान मैद्याचे. पहाटे सहरीला दुधात भिजवायची फेणी आणि खजलाही मैद्याचाच. ईदच्या सकाळी शीरखुर्म्यात पडणारी शेवईसुद्धा गव्हाची. रोजा खजुराने किंवा पाण्याने सोडायची रीत आहे, पण त्यानंतरचा सगळा मान गव्हाने घेतला आहे.

अशा दस्तरखानावर सीलिअ‍ॅक हा आजार असलेली एखादी मुलगी बसली, तर तिच्या वाट्याला काय येते? खजूर, दोन फोडी कलिंगड आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचा आग्रह. ‘बेटा, एक घास तर घे. रोजा सोडताना घेतलेल्या घासाने काही होत नाही.’ आग्रह प्रेमाचा असतो, यात शंका नाही. तरीही तो घास तिच्यासाठी घातकच असतो.

गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाची प्रथिने असतात. पीठ मळल्यावर जो ताण येतो, रोटी पातळ लाटता येते, पाव फुगतो, तो ग्लुटेनमुळे. सीलिअ‍ॅक असलेल्या माणसाच्या शरीराची संरक्षणव्यवस्था ग्लुटेन पोटात गेले की स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते. अन्न शोषून घेणारे बारीक उंचवटे झिजतात. मग खाल्लेले अंगी लागत नाही, रक्तातले लोह घटते, मुलांची उंची खुंटते. काहींना जुलाब आणि पोटफुगी होते, तर काहींना वरून काहीच दिसत नाही आणि नुकसान मात्र चालू राहते. यावर गोळी नाही. ग्लुटेन आयुष्यभर बंद ठेवणे एवढाच उपचार आहे. गव्हाचा या आजाराशी असलेला संबंध विलेम कारेल डिके या डच बालरोगतज्ज्ञाने गेल्या शतकाच्या मध्याला दाखवून दिला. म्हणजे हे खूळ कालपरवाचे नाही. उत्तर भारतात झालेल्या एका पाहणीत साधारण शंभरातल्या एकाला हा आजार आढळला होता.

वजन उतरवण्यासाठी चार दिवस चपाती सोडणारे वेगळे आणि हे रुग्ण वेगळे. पहिल्यांच्या हौसेमुळे दुसऱ्यांचे पथ्यही लोकांना नखरा वाटू लागले आहे, हे वाईट झाले. आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. शंका आली म्हणून परस्पर गहू बंद करू नये. आधी डॉक्टरांकडून रक्ताची तपासणी आणि गरज पडल्यास आतड्याची तपासणी करून घ्यावी. गहू आधीच सोडला असेल तर या तपासण्यांत आजार लपून राहू शकतो. रोजा ठेवायचा की नाही, हेही डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. आजारी माणसाला रोजे पुढच्या दिवसांत पुरे करण्याची सवलत खुद्द कुरआनने दिली आहे, तिथे नातेवाइकांनी कडक होण्याचे कारण नाही.

आता स्वयंपाकघराकडे. ‘ग्लुटेन-फ्री’ हा शब्द ऐकला की लोकांच्या डोळ्यांसमोर मॉलमधली महागडी पाकिटे येतात. ती पाकिटे ज्यांना परवडतात त्यांनी जरूर आणावीत, पण महाराष्ट्रातल्या घराला त्यांची फारशी गरज नाही. दखनच्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या ज्वारी-बाजरी पिकली आणि तीच जात्यात पडली. विजापूरच्या सूफी परंपरेत दखनी भाषेतली चक्कीनामे रचली गेली, ती दळताना गायची गाणी होती. ज्या जात्यांवर ती गायली गेली, त्यांतून निघणारे पीठ बहुतेक वेळा ज्वारीचेच असणार. कोकणातल्या मुसलमान घरांत आजही तांदळाची भाकरी, घावणे आणि वाफवलेले सांदण होते. रोजच्या ताटात गहू मोठ्या प्रमाणावर आला तो हरितक्रांतीनंतर आणि रेशनच्या दुकानातून. ज्वारी मागे पडली ती चवीमुळे नव्हे. गहू स्वस्त मिळू लागला आणि चपाती करणे सोपे वाटू लागले. शिवाय भाकरी गरिबाची, ही समजूत पक्की झाली. आज उलट झाले आहे. चांगली शाळू ज्वारी बाजारात गव्हापेक्षा महाग मिळते आणि हॉटेलवाले भाकरीचे वेगळे पैसे लावतात.

सहरीला ज्वारीची भाकरी दही-दुधात कुस्करून खाल्ली तर दुपारपर्यंत पोटाला आधार राहतो. नाचणीची आंबील रात्रीच करून ठेवता येते. भाकरी जमत नाही अशी तक्रार नव्या पिढीकडून नेहमी येते. त्यांनी उकड काढावी. जेवढे पीठ तेवढेच पाणी मिठासह उकळून त्यात पीठ घालायचे, झाकण ठेवून पाच मिनिटे वाफ आणायची आणि कोमट असतानाच तळहाताच्या टाचेने रगडून मळायचे. अशी भाकरी लाटण्यानेही लाटता येते, कडा फाटत नाहीत. पीठ मात्र ताजे हवे. महिनाभर डब्यात पडलेल्या ज्वारीच्या पिठाची विरी जाते, मग कितीही कसबी हात असला तरी भाकरी तुटते.

इफ्तारला समोशाची नक्कल करण्याच्या नादी लागू नये. गव्हाविना समोसा करायला जाणारे बहुतेक जण चिवट नाहीतर भुगा झालेले काहीतरी तळून काढतात आणि ‘आजारी माणसाचे जेवण असेच’ असे म्हणतात. त्यापेक्षा तांदळाच्या पिठाची उकड घ्यावी, हातावर पातळ पारी करावी, त्यात कोरडा परतलेला खिमा किंवा वाटाण्याचे सारण भरून करंजीसारखी दुमडावी आणि दहा-बारा मिनिटे वाफवावी. वर थोडे तूप. हा समोसा नव्हे, पण दस्तरखानावर सगळ्यांत आधी हाच संपतो. मुगाची डाळ तीन-चार तास भिजवून, आले-मिरचीसह वाटून तिची धिरडी होतात. उडदाचे दहीवडे, बेसनाची कांदाभजी आणि फोडणीचे काळे चणे तर घरोघरी होतातच. शामी कबाब चण्याच्या डाळीने बांधले जातात. सीख कबाबाच्या खिम्यात पावाचा चुरा घालण्याऐवजी डाळ्यांचे पीठ घातले की काम झाले. निहारीचा रस्सा दाट करायला गव्हाचे पीठ लावतात, तिथेही डाळ्यांचे किंवा तांदळाचे पीठ चालते. फिरनी मुळातच तांदळाची आहे. एक लिटर दुधाला चार चमचे भिजवून भरड वाटलेला तांदूळ पुरतो.

हलीम आणि खिचडा हा अवघड विषय आहे. त्यात गहू मुख्य आणि पुष्कळदा जवही. ज्वारीच्या कण्या रात्रभर भिजवून, डाळी आणि मटणासह मंद आचेवर शिजवल्या तर खिचडा उत्तम होतो, मात्र हलीमची ती ओढली तर लांबत जाणारी तार त्याला येत नाही. ज्याला फक्त तार हवी त्याची निराशा होईल. चवीवर जेवणारा दुसऱ्यांदा मागून घेईल.

पदार्थ निवडणे हे निम्मेच काम. उरलेले निम्मे काम अदृश्य आहे आणि चूक तिथेच होते. भजी बेसनाची, पण त्याच कढईत आधी समोसे तळलेले असतील तर ती भजी या मुलीसाठी निषिद्ध. चपातीच्या तव्यावर, पीठ भुरभुरलेल्या पोळपाटावर केलेली भाकरी निषिद्ध. बिर्याणी निर्धोक वाटते, पण दम देताना पातेल्याच्या झाकणाला कणकेची कड लावतात आणि उघडताना तिचे तुकडे भातात पडतात. त्या जागी ओला फडका गुंडाळावा किंवा तांदळाच्या पिठाची कड लावावी. बाजारातल्या डबीतल्या हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, त्यामुळे डबीवरचा मजकूर वाचल्याशिवाय फोडणी देऊ नये. चायनीज पदार्थांतला सोया सॉसही सहसा गव्हापासूनच बनतो. जवाची तलबीना तब्येतीला चांगली म्हणून रमजानमध्ये आवर्जून करतात. ती इतरांसाठी. जवातही ग्लुटेन आहेच.

सगळ्यांत मोठी अडचण पिठाच्या गिरणीत. गव्हामागोमाग त्याच जात्यातून ज्वारी दळली की शुद्ध ज्वारीचे पीठ उरत नाही. ‘ग्लुटेन-फ्री’ म्हणवणाऱ्या अन्नात किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असू नये, अशी मर्यादा आहे. म्हणजे चिमूटभर कणीकही जास्तच. यावर तोडगा आपल्या गावांत आधीपासून आहे. आषाढी, श्रावण, महाशिवरात्र आली की अनेक गिरणीवाले उपवासाचे पीठ वेगळे दळून देतात. कुणाच्या उपवासाला धान्याचा कण लागू नये, ही काळजी त्यांना शिकवावी लागत नाही. तीच काळजी रोजेदाराच्या पिठासाठी मागायला काय हरकत आहे? नाहीतर निवडून धुऊन वाळवलेली ज्वारी घरघंटीवर दळावी, मात्र त्या घरघंटीत गहू कधीच घालू नये.

उपवासाचा विषय निघालाच आहे तर शेजारच्या स्वयंपाकघरात डोकावायला हवे. साबुदाणा, वरई, राजगिरा, शिंगाड्याचे पीठ. हिंदू घरांतला उपवासाचा डबा हा या आजारावरचा जवळजवळ तयार खाऊ आहे. इफ्तारला शेजारच्या काकूंनी साबुदाणा वडे पाठवावेत आणि ईदला त्यांच्याकडे शीरखुर्मा जावा, हे आपल्या गावांत नवीन नाही. फक्त रोजच्या जेवणात नुसता साबुदाणा आणि तांदूळ पुरेसा नाही. लोह आणि तंतूंसाठी ज्वारी, बाजरी, नाचणी आणि डाळी हव्यातच, कारण या रुग्णांचे रक्त आधीच कमी असते.

एका ताटात सगळ्यांनी मिळून जेवणे ही दस्तरखानाची शान. पण समोसा मोडलेला हात चण्यांत गेला की ते चणे त्या मुलीसाठी गेले. तिचे ताट वेगळे काढायचे म्हणजे तिला वेगळे बसवायचे असे नाही. स्वच्छ चमच्याने आधी तिला वाढावे, मग ताट मधे ठेवावे. त्याहून चांगले म्हणजे आठवड्यातले दोन-तीन इफ्तार सगळ्या घरानेच गव्हाविना करावेत. वेगळे दोन स्वयंपाक करायचे ते शेवटी घरातल्या बाईलाच, तेही रोजा ठेवून. एकच स्वयंपाक सगळ्यांचा झाला तर तिचेही कष्ट वाचतात. गिरणीवर उभे राहून जाते झाडून घेण्याचे काम पुरुषांनी करायला हरकत नसावी.

ही झाली ज्यांना निवड करता येते त्यांची गोष्ट. ज्यांना नाही त्यांचे काय? मोफत रेशनमध्ये मुख्यतः गहू आणि तांदूळ मिळतो. रमजानमध्ये मशिदी, मंडळे आणि दानशूर लोक गरजू घरांना किट वाटतात, त्यांत आटा, मैदा, रवा आणि शेवई ठरलेली. मजुरी करणाऱ्या घरात सीलिअ‍ॅकचे मूल असेल तर त्या पिशवीतले निम्मे सामान त्याच्या कामाचे नसते आणि ज्वारी विकत आणायची ऐपत नसते. फित्रा पुष्कळ ठिकाणी गव्हाच्या भावाने जाहीर होतो, पण त्याच्या हिशेबात खजूर आणि मनुकाही आहेत. देण्याची रीत केवळ गव्हाला बांधलेली नाही. किट वाटणाऱ्यांनी नावे लिहून घेताना एवढेच विचारावे की घरात कुणाला गहू वर्ज्य आहे का. गावात अशी घरे बोटांवर मोजण्याइतकीच निघतील. त्यांच्या पिशवीत आट्याऐवजी ज्वारी, मैद्याऐवजी तांदळाचे पीठ आणि शेवईऐवजी तांदळाच्या शेवया घातल्या तर वाटणाऱ्यांच्या हिशेबात फारसा फरक पडणार नाही. सामान मात्र बंद पाकिटातले किंवा आख्खे धान्य असावे. सुटे पीठ आटा मोजलेल्या मापानेच मोजले जाते.

तांदळाच्या शेवया कोकणात आणि गोव्यात जुन्याच आहेत. तिथे त्या नारळाच्या गोड रसात खातात आणि शिरवळ्या म्हणतात. किराणा दुकानांत वाळलेल्याही मिळतात. शीरखुर्म्यात त्या छान लागतात, पण गव्हाच्या शेवईसारख्या तुपावर लाल परतत बसू नयेत. दूध आटवून, खारीक, चारोळी, बदाम, पिस्ते त्यात शिजवून घ्यावेत. शेवया वेगळ्या गरम पाण्यात भिजवून निथळाव्यात आणि दूध गॅसवरून उतरवल्यावर, वाढायच्या थोडे आधी घालाव्यात. दुधातच उकळत ठेवल्या तर त्यांचा लगदा होतो.