जिन्याचा रेट स्क्वेअर फुटावर देऊ नका!

खारघरमधल्या रो-हाऊस आणि डुप्लेक्सच्या मालकांना हॉलच्या वुडन फ्लोअरिंगसोबत जिनाही करून हवा असतो. "जिना पण त्याच रेटमध्ये धरा ना," असं ते म्हणतात आणि आपण मान डोलावतो. माझं स्पष्ट मत आहे, इथेच धंदा मार खातो.

हिशोब बघा. ३ फूट रुंद, १० इंच पाय ठेवायची जागा आणि ७ इंच उंची, अशी एक पायरी म्हणजे सव्वाचार स्क्वेअर फूट. १६ पायऱ्यांचे झाले ६८. समजा मजुरी ४० रुपये फूट लावली, तर हातात २,७२० रुपये. दोन कारागीर दोन दिवस गुंतले आणि हजेरी १,००० धरली, तर ४,००० तिथेच गेले. म्हणजे १,२८० रुपये खिशातून!

वेळ का लागतो? हॉलमध्ये पाट्या एकमेकांत अडकवत जाता येतं. जिन्यावर प्रत्येक पायरी वेगळी मापायची, वेगळी कापायची, पूर्ण ग्लूने चिकटवायची. जुनी पायरी गुळगुळीत ग्रॅनाइटची असेल तर आधी घासून खरखरीत करायची. शिवाय ४८ फूट नोजिंग.

घाई केली की काय होतं? नोजिंग हलतं आणि उतरताना सगळं वजन त्याच कडेवर येतं. घरात आजी-आजोबा असतात, लहान मुलं असतात. आणखी एक गोष्ट: खालची-वरची फरशी तशीच ठेवून फक्त पायऱ्यांवर ८ मिमीची पाटी टाकली, तर पहिली पायरी ८ मिमीने उंच होते आणि शेवटची तेवढीच बुटकी. पायाला सवय एकसारख्या उंचीची असते, अडखळायला एवढा फरक पुरतो. हे गिऱ्हाइकाला काम घ्यायच्या आधी सांगा. पावसाळ्यात ओल्या चपला घेऊन लोक चढणार असतील, तर लॅमिनेटऐवजी एसपीसी सुचवा. लॅमिनेटच्या आतला लाकडी भुशाचा बोर्ड पाण्याने फुगतो.

म्हणून जिन्याचा रेट पायरीवर द्या. नोजिंगचा रनिंग फुटावर, वेगळ्या ओळीत. वरच्या हिशोबात नुसती हजेरीच पायरीमागे २५० रुपये पडते. ग्लू, वाहतूक, तुमचा नफा त्यावर.

"दुसरा स्वस्तात करतोय" म्हटलं तर भांडू नका. दुसऱ्याच्या कोटेशनमध्ये नोजिंग आणि ग्लू लिहिलंय का, एवढंच विचारा. तरीही काम गेलं तर जाऊ द्या. पदरचे पैसे घालून घाईत केलेल्या जिन्यावरून कोणी घसरलं, तर नाव तुमचंच निघणार आहे.