चव नोंदवहीतला रिकामा रकाना

सकाळची शाळा सुरू झाली की खानदेशातला मास्तर सुटकेचा निःश्वास टाकतो. 2025 साली तर सरकारने मार्चअखेरच राज्यभरातल्या प्राथमिक शाळांची वेळ सात ते सव्वाअकरा केली. आमच्याकडे परिपत्रकाच्या आधी ऊन पोचलेलं असतं. जळगाव, भुसावळ, धुळ्यात एप्रिलमध्ये पारा 43-44 वर गेला तर त्याची कोणी बातमीही करत नाही.

पण शाळेत एक खोली अशी असते, जिला सकाळची वेळ आणि दुपारची वेळ सारखीच. वर पत्रा, खाली शेगडी, मध्ये मावशी. मी अमळनेर तालुक्यातल्या एका शाळेत मुख्याध्यापक होतो तेव्हा एकदा सहज म्हणालो, "मावशी, आता सकाळची शाळा. तुम्हालाही जरा बरं." मावशी पातेल्यातून मान वर न काढता म्हणाल्या, "गुरुजी, चुल्हाले काय थंडा टाइम ऱ्हास का?"

पोषण आहाराचं गणित नियमाने ठरलेलं आहे. 25 मुलांपर्यंत एक स्वयंपाकी-मदतनीस, 100 पर्यंत दोघी, पुढच्या दर शंभराला आणखी एक. आमच्याकडे 180 मुलं, म्हणून तिघी. केंद्राने 2009 साली महिना हजार रुपये ठरवले, त्यात राज्याने भर घालत घालत आकडा अडीच हजारांवर नेला. त्या पैशांना पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. शब्द मोठा मानाचा आहे. त्याची गोम अशी की मानधन घेणारी बाई कामगार ठरत नाही, आणि मग कामावर भाजलं तर ते कामावर भाजणंही ठरत नाही.

आमच्या कपाटात चव नोंदवही असायची. मुलांना वाढण्याआधी मावशींनी आणि शिक्षकाने घासभर खाऊन बघायचं आणि वहीत सही करायची. तारीख, पदार्थ, चव घेणाऱ्याचं नाव, शेरा, सही. शेऱ्यात आम्ही बहुतेक 'उत्तम' लिहायचो. कधी हात लांबवायचा कंटाळा आला तर वरच्यासारखं म्हणून दोन टिंबं.

एका जुलैत मावशी दोन दिवस सांगत होत्या, "गुरुजी, नळीजोडे वास येस." मी ऑनलाइन माहिती भरत बसलो होतो. तालुक्याहून फोनावर फोन. म्हणालो, "आजचं उरकून घ्या, उद्या बघू." तिसऱ्या दिवशी काडी ओढताच भडका उडाला. मावशींचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला की जमिनीलगत साचतो. आमच्या खोलीची खिडकी होती पत्र्याला टेकलेली, पार वर. दार लोटलेलं, कारण बाहेर पाऊस. हे सगळं मला ठाऊक होतं, सातवीच्या वर्गाला मी विज्ञानच शिकवायचो. भाजल्यावर काय करायचं हेही पुस्तकात होतं: वीसेक मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरायचं, बाकी काही लावायचं नाही. प्रत्यक्षात एका बाईंनी टूथपेस्ट आणली, आणि मी, विज्ञानाचा मास्तर, शाईची बाटली शोधत होतो.

मुलं उपाशी राहू नयेत म्हणून उरलेल्या दोघींनी अंगणात तीन दगड मांडून खिचडी उरकली. मावशींना तालुक्याच्या दवाखान्यात पाठवून मी जागेवर येऊन बसलो. मुलाला ठेच लागली तरी आम्ही नोंद करायचो. मावशींचा हात कुठल्या वहीत लिहायचा हे मला सुचलं नाही, तशी वहीच नव्हती. त्या दिवशीच्या चव नोंदवहीत मात्र माझी सही आहे. शेरा: उत्तम.

पुढे शिक्षण हक्काचा 2009 चा कायदा नीट वाचला. शाळेत काय काय हवं याची त्यात अनुसूची आहे: मुलग्यांना आणि मुलींना वेगळी स्वच्छतागृहं, सर्व मुलांना पिण्याचं पाणी, स्वयंपाकघर, मैदान, कुंपण. यादी चांगलीच आहे. तिच्यात स्वयंपाकघर आहे, स्वयंपाक करणारी नाही. मुलींचं स्वच्छतागृह आहे, शिक्षिकांचं नाही. आमच्या दोन बाई एप्रिलच्या उन्हातही घरून निघाल्यापासून घरी पोचेपर्यंत पाणी पीत नसत. कारण कोणी विचारलं नाही, आणि त्या सांगणार तरी कशा? पुढे एकीला मुतखड्याचा त्रास सुरू झाला.

जळगावच्या एखाद्या डाळ मिलमध्ये पुरेसे कामगार असले तर 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या कारखाने कायद्याने त्यांना पाणी, शौचालय, प्रथमोपचाराची पेटी द्यावी लागे. शाळा काही कारखाना नव्हे. गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने 1988 साली सांगितलं की औद्योगिक विवाद कायद्यापुरता शिक्षक 'कामगार' नाही. कायद्याचा कीस तिथे झाला. आमच्या मनात तो निकाल आधीपासूनच लागलेला होता. साने गुरुजींनी ज्या अमळनेरात मास्तरकी केली तिथे शिकवणं म्हणजे सेवा, आणि सेवेत हात भाजला म्हणून तक्रार कोण करतं?

पण तक्रार म्हणजे कुरकुर नव्हे, हे 16 जुलै या तारखेने शिकवलं आहे. 2004 साली याच तारखेला तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत स्वयंपाकाच्या जागेतून आग पसरली आणि 94 मुलं गेली. 2013 साली पुन्हा याच तारखेला बिहारमध्ये छपऱ्याजवळच्या गावात शाळेतलं जेवण जेवून 23 मुलं दगावली. अन्नात कीटकनाशक उतरलं होतं. तेल बरोबर वाटत नाही, असं स्वयंपाकीण बाईंनी आधी सांगितल्याचं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. तिचं ऐकलं गेलं नाही. ती स्वतःही आजारी पडली.

ती बातमी वाचताना मला आमच्या मावशी आठवल्या. तिथे तेल, इथे नळी. चुलीपाशी उभ्या असलेल्या बाईच्या नाकाला जे कळतं ते कचेरीत बसलेल्याला कळत नाही. आपण तिला मुलांच्या आधी घास घ्यायला लावतो. ती चव कशी आहे हे विचारतो, आणखी काही विचारत नाही. स्वयंपाकिणींची आरोग्य तपासणी व्हावी असं सूचनांमध्ये आहे, पण ती तिच्यापासून मुलांना काही होऊ नये म्हणून. धुराने तिच्या छातीचं काय झालं हे बघायला नव्हे. आणि गंमत अशी की मुलांना जपायचं असेल तर सगळ्यात स्वस्त उपाय तिचं ऐकणं हाच आहे.

मावशी सव्वा महिन्याने कामावर आल्या. तोवर त्यांची सून येत होती. मी नळी आणि रेग्युलेटर बदलून घेतला, शेगडीच्या पातळीला भिंत फोडून झरोका काढला, दाराशी पाण्याची टाकी आणि नळ बसवला. शिक्षिकांच्या स्वच्छतागृहासाठी ग्रामपंचायतीत दीड वर्ष खेटे घातले. खर्च झाला त्यापेक्षा लाज जास्त वाटली, कारण हे सगळं आधीही करता आलं असतं.

आणि चव नोंदवहीत पट्टीने एक रेघ ओढून नवा रकाना पाडला: 'काय खटकलं'. मावशी चौथीपर्यंत शिकलेल्या. बरेच दिवस रकाना कोराच राहिला. मग एका सोमवारी तिरक्या अक्षरात दोन शब्द दिसले: झाराची मुठ. मी जाऊन पाहिलं, झाऱ्याची लाकडी मूठ निखळायला आली होती. उकळत्या पातेल्यावर ती निसटली असती तर काय झालं असतं, हे आम्ही दोघंही बोललो नाही. त्या दिवशी शेऱ्यात मी 'उत्तम' लिहिलं नाही. लिहिलं: बदलली.