'असेंबल्ड' ही शिवी नाही

"असेंबल्ड? अरे, पोराला जरा चांगलं काहीतरी घेऊ या की!"

हे आमच्या दाजींचं वाक्य. २०२५ च्या डिसेंबरातली गोष्ट. भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आणि त्याच्या लॅपटॉपचा मदरबोर्ड गेलेला. सर्व्हिस सेंटरवाल्याने दुरुस्तीचा असा आकडा सांगितला की दाजी तिथूनच नवा लॅपटॉप बघायला निघाले. नो कॉस्ट ईएमआय, सडपातळ, चकचकीत. दाजींचं सोडा, त्यांचा तो प्रांत नाही. माझा राग आहे तो आपल्या जमातीवर. त्यांनी दोन सॉफ्टवेअरवाल्यांना फोन करून विचारलं होतं आणि दोघांनीही दोन मिनिटांत "हो हो, घेऊन टाका" सांगितलं.

त्यातला एक मी.

रात्री सहज म्हणून तो मेलेला लॅपटॉप उघडला. आत डीडीआर४ रॅमच्या ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या आणि अडीच इंची एसएसडी. सगळं ठणठणीत! मेला होता तो फक्त बोर्ड. आणि दाजी घेणार होते त्या नव्या मॉडेलमध्ये ८ जीबी रॅम, तीही बोर्डावर सोल्डर केलेली. म्हणजे वाढवता येणार नाही, आणि उद्या बोर्ड गेला तर रॅमही त्याच्याबरोबर सती जाणार. अँड्रॉइड स्टुडिओ आणि ब्राउझर एकत्र उघडलं की ८ जीबीची जीभ बाहेर येते, हे आपल्याला माहीत नाही? रोज ऑफिसात जास्त रॅमसाठी तिकीट टाकणारे आपणच ना?

मग दाजींना थांबवलं आणि एक बेअरबोन किट आणलं: डेस्कमिनी एक्स३००. डबा, मदरबोर्ड आणि १२० वॅटचा अ‍ॅडाप्टर, बस्स. दोन लिटरच्या दुधाच्या भांड्याएवढा आकार. यात लॅपटॉपचीच रॅम लागते, म्हणून जुन्या दोन्ही पट्ट्या आत गेल्या. एसएसडीही गेली. (दोन पट्ट्या हव्यातच. ग्राफिक्स प्रोसेसरमधलंच असल्याने ते याच रॅमवर जगतं, एकच पट्टी लावली की रखडतं.) नवीन विकत घेतला तो रायझन ५ ५६००जी प्रोसेसर. सहा कोअर, ६५ वॅट. त्या महिन्यात एआयच्या डेटा सेंटरांनी रॅमचे भाव आभाळाला नेऊन ठेवले होते. नवी १६ जीबी घ्यावी लागली असती तर बजेट तिथेच कोसळलं असतं.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. या डब्यात ४६ मिलीमीटरपेक्षा उंच कूलर बसत नाही. प्रोसेसरच्या खोक्यातला त्याहून उंच. हे मी आधी वाचायला हवं होतं. वाचलं नव्हतं. झाकण लागेना तेव्हा भाचा शांतपणे म्हणाला, "मामा, स्पेसिफिकेशनमध्ये लिहिलंय." एक शनिवार आणि बुटक्या कूलरचे पैसे गेले.

आता तुमचे आक्षेप. लॅपटॉप कॉलेजात नेता येतो, हा नाही. मान्य. वीज गेली की हा बंद पडतो, स्क्रीन आणि कीबोर्ड वेगळा लागतो. तेही मान्य. होस्टेलवर राहणाऱ्याला मीही लॅपटॉपच सांगेन. पण आमचा पोरगा घरी राहतो, मॉनिटर घरात पडून होता आणि कॉलेजच्या लॅबमध्ये मशिन्स आहेत. हे तीन प्रश्न मी फोनवर विचारलेच नव्हते. वीकेंडला दहा रिव्ह्यू वाचून स्वतःसाठी हेडफोन घेणारा मी, बहिणीच्या पैशांच्या वेळी दोन मिनिटांत मोकळा झालो.

आपल्या सल्ल्याला नातेवाईक 'कॉम्प्युटरवाला आहे तो' म्हणून मान देतात. आपल्यापैकी किती जणांनी गेल्या पाच वर्षांत एकदा तरी स्क्रूड्रायव्हर हातात धरलाय? आपल्याला उघडायची भीती वाटते आणि ती भीती झाकायला आपण 'ब्रँडेडच घ्या' म्हणतो. त्या भीतीचा हप्ता दुसऱ्याच्या खात्यातून दरमहा कटतो.

भाच्याने परवा डबा स्वतः उघडून धूळ साफ केली. दाजी पाहुण्यांना अजूनही तो सेट-टॉप बॉक्स म्हणूनच दाखवतात.