कायदा कुणाचा, आणि तो मोडायचा कुणी?



कायदा पाळा, असे आपल्याला जो तो सांगतो. मालक सांगतो, जॉबर सांगतो, पेपरातले शहाणे सांगतात, आणि भाडे तुंबले की चाळीचा मालकसुद्धा सांगतो. आम्ही म्हणतो, कबूल. कायदा नसेल तर पहिला मार गरिबालाच बसतो. गिरण्यांत विजेचे दिवे आले तेव्हा मालकांनी रात्रीचाही दिवस केला होता. १९११ च्या फॅक्टरी कायद्याने कापड गिरणीतल्या पुरुषांना दिवसाची बारा तासांची हद्द घातली, १९२२ साली आठवड्याचे साठ तास झाले, १९४८ च्या कायद्याने अठ्ठेचाळीस. हे तास काही कुणा शेटजीच्या दयेने उतरले नाहीत. कायद्याने उतरले, आणि तो कायदा झाला त्यामागे आपल्या बापजाद्यांचे खाडे होते. तेव्हा कायद्याचे आणि आमचे वैर नाही.

पण कायदा म्हणजे काही देवाची अक्षरे नव्हेत. कागदावर माणसेच लिहितात. लिहिणारा कोण आणि कुणाच्या बाजूला बसून लिहितो, एवढे विचारायचा हक्क आम्ही सोडणार नाही.

जुनी गोष्ट घ्या. १८५९ साली इंग्रजांनी एक कायदा केला. मजुराने किंवा कारागिराने उचल घेतली आणि काम अर्धे सोडले, तर मॅजिस्ट्रेटने त्याला तुरुंगात टाकावे! मालकाने करार मोडला तर दिवाणी दावा, आणि मजुराने मोडला तर बेड्या. हा कायदा साठ-पासष्ट वर्षे चालला, १९२५ साली रद्द झाला. इतकी वर्षे ज्याने तो पाळला तो सज्जन नागरिक, आणि ज्याने कंटाळून पळ काढला तो गुन्हेगार. कोण खरा, ते तुम्हीच सांगा.

बरे, तो परक्यांचा कायदा होता असे म्हणाल. मग १९३८ चे ऐका. तेव्हा मुंबई इलाख्यात निवडून आलेले सरकार होते, बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ. खादी घातलेले, तुरुंग भोगलेले, आपलेच लोक. त्यांनी औद्योगिक कलहाचे बिल आणले. समेटाची सगळी पायरी चढून झाल्याशिवाय संप करायचा नाही, केलात तर तो बेकायदा, आणि बेकायदा संपाला शिक्षा तुरुंगाची. समेटाची पायरी म्हणजे काय ते गिरणीत राबणाऱ्याला सांगायला नको. आज अर्ज द्या, उद्या तारीख घ्या, परवा साहेब गावाला गेले. तोवर मालकाने माल साठवून घ्यावा आणि बदलीवाल्यांची रांग दरवाज्याशी उभी करावी.

असेंब्लीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले आणि त्यांनी या बिलाचे मूळच उघडे केले. त्यांचे म्हणणे आमच्या भाषेत सांगायचे तर असे : माणसाने काम सोडले तर फार तर करार मोडला, त्याची भरपाई मागा. पण काम सोडले म्हणून तुरुंग दाखवलात, तर याचा अर्थ एवढाच की त्याच्या मनाविरुद्ध त्याच्याकडून काम करून घ्यायचे आहे. मनाविरुद्ध राबवून घेणे याला गुलामगिरीशिवाय दुसरा शब्द नाही. संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याचाच हक्क. आम्ही चार बुके शिकलेली माणसे, पण एवढे आम्हांला वकिलाशिवाय कळते.

बिल पास झाले, मते त्यांच्याकडे होती. तेव्हा ७ नोव्हेंबर १९३८ ला मुंबईच्या कामगाराने एक दिवस काम बंद ठेवले. स्वतंत्र मजूर पक्ष आणि लाल बावटा एका व्यासपीठावर आले. आंबेडकर आणि डांगे एका बाजूला, हे दृश्य मुंबईने पुन्हा फार वेळा पाहिले नाही. त्या दिवशी पोलिसांच्या गोळ्याही चालल्या. कायदा काही त्या एका दिवसाने पुसला गेला नाही, हेही खरेच आहे, लपवायचे कशाला? पण आपले सरकार झाले म्हणजे आपला न्याय झाला, ही समजूत त्या दिवशी गेली. आणि हा प्रश्न अजून जुना झालेला नाही. २०२० साली संसदेने औद्योगिक संबंधांची नवी संहिता मंजूर केली, तीत संपाआधी चौदा दिवसांची नोटीस सगळ्याच कारखान्यांना लावली. निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी एकाच दिवशी मिळून रजा घेतली तर तोही संपच धरायचा असे ठरवले. माणसाने रजेवर जायचे तेही मोजून!

आता उलट बाजू. ती टाळून पुढे जाणे आम्हांला बरे वाटत नाही. लोक आम्हांला म्हणतात, अहो, ज्या बाबासाहेबांचे नाव घेता त्यांनीच २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत सांगितले की आता घटनेचा मार्ग मोकळा झाला, तेव्हा कायदेभंग आणि सत्याग्रह सोडून द्या. हो, सांगितले. आणि शंभर वेळा विचार करावा असेच ते सांगणे आहे. ज्याच्या हातात मत आहे, कोर्ट आहे, सभा भरवायची मुभा आहे, त्याने पहिल्या सपाट्याला कायदा मोडणे म्हणजे आपलेच घर पेटवणे. पण त्यांनी घातलेली अट नीट वाचा : मार्ग मोकळा असेल तर.

नोव्हेंबर १९५५ मध्ये तो मोकळा होता काय? मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही असे वर ठरत होते आणि खाली आम्ही चार माणसे जमलो तर जमावबंदी. घटनेचे १९ वे कलम म्हणते, शांतपणे, हत्याराशिवाय जमायचा हक्क प्रत्येकाला आहे. पोलिसांचा हुकूम म्हणतो, नाही. मोठा कागद कोणता? २१ नोव्हेंबरला कामगार फ्लोरा फाउंटनकडे चालत निघाला तो मोठ्या कागदाच्या भरवशावर. हातात काठी नव्हती. पंधरा माणसे गेली. पुढे हुतात्म्यांचा आकडा शंभरावर गेला, त्यांत गिरणीची माणसे किती होती ते लालबाग-परळच्या चाळींना विचारा. आणि त्याच माणसांनी १९५७ साली रांगा लावून मतेही दिली. मोर्चा आणि मतपेटी यांना सवती समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला तो दोन्ही हातांनी झाला.

कधी मोडायचा आणि कधी थांबायचे, याचा हिशेब महाडने शिकवला आहे. तिथे तर गंमत अशी की कायदा अस्पृश्यांच्या बाजूला होता. रावबहादूर बोले, जे कामगारांच्या चळवळीतलेही होते, त्यांनी १९२३ साली कायदे कौन्सिलात सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव पास करून घेतला. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुलेही केले, कागदावर. २० मार्च १९२७ ला लोक तळ्यावर गेले, पाणी प्याले आणि त्याबद्दल मार खाल्ला. डिसेंबरात पुन्हा हजारो जमले, तेव्हा समोर कोर्टाचा मनाई हुकूम आला. लोक पेटलेले होते, पुढे घुसायला तयार. पण सरकारशी आणि कोर्टाशी दोन हात करायची ती वेळ नव्हे असे ठरून तळ्यावर जाणे थांबवले गेले. मनुस्मृती मात्र जाळली. ती रूढीची खरी कायद्याची पोथी होती. तळ्याचा दावा मग हायकोर्टापर्यंत लढवला आणि १७ मार्च १९३७ ला जिंकला. दहा वर्षे! एका जागी आग आणि दुसऱ्या जागी सबुरी, आणि माणसे तीच.

कायदेभंग म्हणजे दुकान फोडणे नव्हे, ट्रॅमवर दगड नव्हे. चोरही कायदा मोडतो, पण अंधारात मोडतो आणि पळतो. १९३० च्या मे महिन्यात शिरोड्याला आपल्याच कोकणातल्या लोकांनी मिठागरावर जाऊन मीठ उचलले ते भर दिवसा, पोलिसांच्या देखत, आणि लाठी खाऊन. वडाळ्याच्या मिठागरावर मुंबईकर गेला तोही तसाच. गांधीजींनी १९२२ साली अहमदाबादच्या कोर्टात गुन्हा कबूल करून जास्तीत जास्त शिक्षा मागितली होती. सहा वर्षे मिळाली. ज्या १२४-अ कलमाखाली ती मिळाली, त्याच कलमाखाली १९०८ साली टिळकांना सहा वर्षे मिळाली होती, आणि गिरणी कामगाराने वर्षाला एक दिवस या हिशेबाने सहा दिवस संप करून त्या निकालाला उत्तर दिले होते. तेव्हा ना युनियन होती, ना ट्रेड युनियनचा कायदा. तो आला १९२६ साली. ते कलम शंभर वर्षांहून जास्त टिकले. २०२२ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याखालचे खटले थांबवायला लावले. संपवाल्यांची नातवंडेसुद्धा म्हातारी झाली तोवर.

शेवटी एक गोष्ट स्पष्ट बोलायची आहे, आणि ती पुढाऱ्यांना. कायदा मोडायची हाक देणाऱ्याने आधी स्वतः पुढे उभे राहावे. कायम नोकरीचा साचेवाला एक दिवस आत गेला तर त्याचा पगार कापला जातो. बदलीवाला आत गेला तर त्याचे कार्डच जाते, खानावळीची बाई दोन वेळ थांबते आणि तिसऱ्या वेळेला ताट बंद करते. त्याला त्यागाची भाषणे ऐकवू नका. प्रत्येक खात्यातून दर पगाराला निधी गोळा करा, त्याचा हिशेब खात्यातल्या फळ्यावर लिहा, आणि पहिला पैसा बदलीवाल्याच्या घरी पोचवा. हाती हुकूम पडला तर तो फाडू नका, वाचता येणाऱ्याकडून मोठ्याने वाचून घ्या : कुठले कलम, किती दिवस, कुणाची सही. पकडले तर नाव आणि गिरणी खरी सांगा. कागदावर काय लिहिले ते कळल्याखेरीज अंगठा मात्र उठवू नका.