राजाच्या घंटा

लिस्बनहून सकाळी निघायचे, माफ्राचा राजवाडा बघायचा, दुपारी तटबंदीतले ओबिदुश उरकायचे आणि दिवेलागणीला परत. ‘उरकायचे’ हा शब्द जाणूनबुजून वापरला आहे. एकट्या माफ्रात खोल्या सुमारे १,२००.

पोर्तुगालचा राजा पाचवा जुआंव याने १७१७मध्ये हे काम काढले. अपत्यासाठी केलेला नवस होता, तोही साधासाच. तेरा साधूंसाठी मठ बांधायचा. पण ब्राझीलचे सोने येत गेले तसा मठ फुगला आणि त्याला राजवाडा चिकटला. त्यात राजाचे दालन एका टोकाला, राणीचे दुसऱ्या टोकाला, मध्ये दोनशे मीटरहून लांब मार्गिका. अपत्यासाठी नवस का करावा लागतो, हे वास्तुविशारदाला कोणी विचारलेले दिसत नाही.

खरी मौज ग्रंथालयात. छत्तीस हजारांच्या आसपास ग्रंथ आणि राखणीला वटवाघळे. रात्री ती पुस्तकांवरचे किडे टिपतात. सकाळी लेंड्या तेवढ्या झाडायच्या. आपल्या वाचनालयांना हा उपाय परवडेल. वटवाघळे आहेतच, पुस्तकांचे तेवढे पाहावे लागेल.

ओबिदुश छोटे. राजा दिनिशने १२८२मध्ये ते राणी इझाबेलला लग्नाची भेट म्हणून दिले, आणि पुढे १८३४पर्यंत ते राण्यांकडेच राहिले. साडीचोळीसाठी गाव लावून देण्याची आपली रीत आठवावी. तटावर चढता येते, मात्र आतल्या बाजूला कठडा नाही. ज्याने त्याने आपला तोल सांभाळावा. खाली चॉकलेटच्या वाटीत आंबट चेरीची दारू मिळते. प्यायची आणि वाटी खाऊन टाकायची, विसळण्याची कटकट नाही.

पण पुन्हा माफ्राकडे. तिथल्या मनोऱ्यांत सुरात लावलेल्या घंटांची दोन प्रचंड वाद्ये आहेत. आख्यायिका अशी की, एवढ्याशा देशाला एकाचाही खर्च झेपणार नाही असे कारागिरांनी सुचवले, तेव्हा राजा म्हणाला, मग दोन करा. १७३०मध्ये तिथल्या चर्चचा अभिषेक झाला. नऊ वर्षांनी, मे १७३९मध्ये, याच राजाची वसई चिमाजीअप्पांनी घेतली आणि तिथल्या चर्चच्या घंटा देवळांना वाटल्या. भीमाशंकरला टांगलेली, १७२९ साल कोरलेली घंटा त्यांतलीच सांगतात. म्हणजे जुआंवच्या घंटा ऐकायला विमानाची गरज नव्हती.

तटबंदीतल्या पोर्तुगीज गावासाठीही नाही. वसईच्या किल्ल्यात चर्च, मठ, वाडे सगळे आहे, फक्त बहुतेकांना छपरे नाहीत. तिथल्या कमानींखाली लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी युरोपात असल्यासारखी उभी राहतात. व्हिसा लागत नाही. वसई रोडला उतरून रिक्षा लागते.